निवृत्त शिक्षक आणि जलरंग: आकाशात डाग, झाडांचा चिखल, कागदाला पोक

खडूफळा

नमस्कार. माध्यमिक शाळेत गणित-भूमिती शिकवून निवृत्त झालो. मुक्काम अकोला, पावसाळ्यात मुलीकडे रत्नागिरीला. शाळकरी वयात चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिल्या होत्या, त्यानंतर ब्रश हातात आला तो थेट आता. विषय निसर्गचित्राचे: बाभळी, कडुनिंब, मातीची घरं, देवळं. रेखाटन आणि पर्स्पेक्टिव्ह जमतं. रंगाला हात घातला की घोळ सुरू होतो.

साहित्य: ग्रेड परीक्षेला वापरतात तो कार्ट्रिज पेपर, विद्यार्थी दर्जाच्या १२ ट्यूबांचा संच, गोल ब्रश २, ४ आणि ६ नंबर, बोअरचं पाणी. सपाट टेबल, डोक्यावर पंखा, उन्हाळ्यात बाजूला कूलर.

अडचणी अशा. आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) एकसारखा येत नाही, पट्टे दिसतात; वाळता वाळता कंगोरेदार कडांचे फिकट डाग फुटतात. कागद ओला झाला की फुगतो आणि खळग्यांत रंग साचतो. झाडांचे हिरवे मातकट होतात. चुकलेलं पुसायला गेलं की कागदाचे तंतू वर येतात.

आधी काय बदलू? बजेट पेन्शनचं आहे. हात थोडा थरथरतो, तेही लक्षात घ्या. 'सराव करा' एवढंच उत्तर कृपया नको, तो चालू आहे.

वॉशवाला

सर, चारपैकी तीन तक्रारी कागदाच्या आहेत आणि चौथीतही त्याचा हात आहे. सगळ्यात आधी कागद बदला. रंग आणि ब्रश थांबू शकतात.

कार्ट्रिज असतो लाकडाच्या लगद्याचा, साधारण १४०-१५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजन) आणि मुळात पेन्सिलीसाठी. जलरंगाच्या कागदाला जिलेटिन किंवा तत्सम पदार्थाचं साइझिंग दिलेलं असतं. त्यामुळे पाणी काही काळ वरच राहतं, रंग पसरतो, हलवता येतो. कार्ट्रिज पाणी लगेच आणि कमी-जास्त पितो. जिथे प्यायला तिथे रंग अडकला, म्हणून पट्टे. तंतू फुगले, म्हणून पोक. ओल्या तंतूंवर ब्रश घासला, म्हणून लगदा.

घ्यायचा तो ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस (मध्यम खरबरीत पोताचा), १०० टक्के कॉटन. यातला एकही शब्द गाळू नका. नुसतं '३०० जीएसएम' लिहिलेली जाड पॅड बाजारात ढिगाने आहेत, त्यांतली बरीच लाकडाच्या लगद्याची किंवा २५ टक्के कॉटनची असतात. जाडीमुळे पोक कमी येतो, पण वॉश कॉटनसारखा वाहत नाही. पॅडपेक्षा सुटा फुल शीट स्वस्त पडतो. २२ × ३० इंचाचा शीट, त्याचे ११ × १५ चे चार क्वार्टर किंवा ७.५ × ११ चे आठ तुकडे. सुरुवातीला आठच करा. आर्श आणि सॉन्डर्स हे ब्रँड उत्तम आहेत, महागही आहेत. 'चित्रपट', 'ब्रस्ट्रो' वगैरे ब्रँडचे १०० टक्के कॉटनचे कागदही मिळतात. एकेक शीट आणून बघा, आवडेल तो धरा आणि मग वर्षभर बदलू नका. दर वेळी नवा कागद आणला तर हाताला पाण्याचा अंदाज येत नाही.

आता वॉश. बोर्डाच्या वरच्या कडेखाली तीन-चार इंच उंचीची पुस्तकं ठेवा, उतार १५ अंशांच्या आसपास आला की झालं. (कोन मोजायला तुम्हाला शिकवायला नको.) क्वार्टर शीटच्या वरच्या अर्ध्या भागातल्या आकाशाला दोन ते तीन चहाचे चमचे रंगद्रव लागतो. तो आधीच कालवून ठेवा, आणि वाटतो त्यापेक्षा गडद ठेवा, कारण वाळल्यावर एक-दोन छटा फिका पडतो. अर्ध्यात रंग संपला आणि पुन्हा कालवायला बसलात की तिथे रेघ उमटलीच.

ब्रश पूर्ण भरून वरच्या कडेला डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. उतारामुळे पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला जेमतेम स्पर्श करत ओढायचा म्हणजे ओघळ खाली सरकतो. दर पट्ट्याला ब्रश पुन्हा भरा. तळाला पोहोचलात की ब्रश फडक्यावर पिळून ओघळाला टेकवा, तो शोषला जाईल. तो तसाच राहिला तर पाणी मागे चढतं आणि तुम्ही म्हणता तो कंगोरेदार डाग पडतो. आणि मुख्य म्हणजे मागे जायचं नाही. वर राहिलेला ठिपका राहू द्या, दुरुस्ती केली की ठिपक्याचा डाग होतो.

डाग का फुटतात ते कळलं तर टाळता येतात. कागदावरचा थर अर्धवट वाळलाय आणि तुम्ही त्याच्यापेक्षा जास्त पाणी असलेला ब्रश टेकवलात, तर ते जास्तीचं पाणी बाहेर पसरतं, सुटे रंगकण ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे कड सोडतं. म्हणजे ओल्यात घालायचा रंग खालच्या थरापेक्षा नेहमी दाट हवा. आकाशाचा पहिला थर पाणीदार ताकासारखा, ढगाची सावली दाट ताकासारखी, पावसाळी ढगाचा काळा पोटाचा भाग जवळपास श्रीखंडासारखा. हा क्रम उलटा झाला की डाग ठरलेला.

ओल ओळखायला कागद तिरक्या उजेडात बघा. पाणी साचून लकाकतंय तोवर रंग सैरावैरा धावतो. एकसारखी मंद चमक आली की ढगांच्या मऊ कडा मिळतात, कामाची वेळ तीच. चमक नुकती गेलीय तेव्हा हात मागे घ्या, निम्म्याहून अधिक डाग तेव्हा पडतात. मॅट दिसतोय म्हणून वाळला असं समजू नका. बोटांची मागची बाजू हलकेच लावा, गार लागला तर ओल आहे. गार लागणं थांबलं की दुसरा वॉश.

पंखा वॉशच्या वेळी बंद. डोक्यावरच्या पंख्याने कागदाचा मधला भाग आधी वाळतो, कडा ओल्या राहतात आणि कडेचं पाणी मध्ये घुसतं. कूलरचा झोत अंगावर घ्या, बोर्डावर नको. कूलरने खोलीत दमटपणा येतो तो विदर्भातल्या मे महिन्यात फायद्याचाच आहे, वाळायला जरा वेळ मिळतो. म्हणून कूलर चालू, पण त्याचं तोंड दुसरीकडे.

एकच_ब्रश

कागदाबद्दल सहमत. पण ६ नंबरच्या ब्रशने ११ × १५ चं आकाश कुणीही नीट लावू शकणार नाही. पोटात पाणी मावत नाही, तीस-चाळीस पट्टे होतात, तोवर पहिला वाळलेला असतो. गोल १२ नंबर, सिंथेटिक, चांगला टोकदार. दुकानात पाणी मागा, ब्रश बुडवून मनगटाने एक झटका द्या. टोक एकत्र आलं तर घ्या, दुभंगलं तर परत ठेवा. यात आणि तुमच्या ६ नंबरात ९० टक्के चित्र होतं. तारा-फांद्यांसाठी लांब केसांचा रिगर, बस. २ नंबर नातवाला द्या.

खारीच्या केसांचा मोठा मॉप कुणी सुचवला तर आत्ता घेऊ नका. तो पाणी भरपूर धरतो, पण केसांना ताठपणा नसतो. किती पाणी सुटतंय ते कळेपर्यंत डागच डाग.

फुकटचा सल्ला

थोडं वेगळं मत. महागडा कागद समोर आला की हात आखडतो. नवशिक्याने स्वस्त कागदावर शंभर चित्रं करावीत, मग कॉटनकडे वळावं. शाळेत आपण पाटीवरच शिकलो ना?

वॉशवाला

पाटीवर अक्षर गिरवता येतं, कारण पाटी आणि वही दोन्हीवर अक्षर तसंच उमटतं. इथे तसं नाही. कार्ट्रिजवर ओल किती वेळ टिकते आणि कॉटनवर किती, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वस्त कागदावर बसलेली सवय, म्हणजे घाई करणं, घासणं, तुकड्या-तुकड्यात लावणं, नंतर मोडावी लागते. हात आखडतो हे मात्र खरं. त्यावर उपाय म्हणून तर आठ तुकडे सांगितले. शिवाय रंगांचे तक्ते, छटांच्या पट्ट्या, दोन-तीन इंचांची काळी-पांढरी टिपणं यांना कार्ट्रिज उत्तम. सरांनी आहे तो संपवावा, फक्त वॉश त्यावर शिकू नये.

पिवळी_माती

हिरव्याबद्दल आणि पाण्याबद्दल लिहिते.

सर, आधी पाणी. अकोल्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर रंगकण एकमेकांना धरून गोळा होतात, विशेषतः अल्ट्रामरीनमध्ये, आणि पातळ वॉश वाळल्यावर त्यावर पांढुरकी झाक येऊ शकते. रंग कालवायला आणि कागद भिजवायला पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या. ब्रश धुवायला बोअरचं चालेल, पण भांडी दोन ठेवा: एकात रंगाचा ब्रश खळखळायचा, दुसऱ्यात स्वच्छ बुडवायचा. एकाच भांड्यातलं करड्या रंगाचं पाणी प्रत्येक मिश्रणात जात असतं आणि दोष मात्र हिरव्याला मिळतो.

संचातून काळा, पांढरा आणि तयार हिरवे बाजूला काढा. फेकू नका, कपाटात ठेवा. उरलेल्यांतून सहा धरा: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सायना, लाइट रेड, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. फुलं किंवा साड्या रंगवायच्या असतील तेव्हा सातवा क्रिमझन. पुढे सुट्या ट्यूबा घ्याल तेव्हा आर्टिस्ट दर्जाच्या घ्या आणि ट्यूबवरचा रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक वाचा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी २७ प्रशियन, पीवाय ४२ किंवा ४३ ऑकर. बर्न्ट सायना पीबीआर ७ किंवा पीआर १०१ असतो, दोन्ही चालतात. एका ट्यूबवर तीन-चार क्रमांक असतील तर ते आधीच मिश्रण आहे. त्यात आणखी एक मिसळला की निस्तेज व्हायला वेळ लागत नाही. क्रिमझनमध्ये पीआर ८३ टाळा, तो उजेडात उडतो. पीव्ही १९ टिकतो. चमकदार फ्लोरोसंट गुलाबीही उडतात.

विद्यार्थी संचात रंगद्रव्य कमी आणि भराव जास्त, त्यामुळे गडद छटा मिळत नाही. गडद व्हावं म्हणून आपण थरावर थर चढवतो, तिथे चिखल होतो. आर्टिस्ट दर्जाच्या पाच मिलीच्या ट्यूबमधून दोन हाफ पॅन (रंग भरून सुकवायच्या छोट्या डब्या) भरून थोडा रंग उरतो. महाग वाटतात, पण पुरतात खूप.

आता तुमच्या परिसराचे हिरवे. बाभूळ हिरवी दिसते तेवढी नसते, राखाडीकडे झुकते: तीन भाग ऑकर, एक भाग अल्ट्रामरीन. ब्रश आडवा धरून, अर्धकोरडा, कागदाच्या खरबरीत पोतावरून ओढा म्हणजे पानांमधून आकाश दिसतं. बाभळीचा घेर भरीव केला की ती बाभूळ राहत नाही. खोड अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना दाट. कडुनिंबाला चैत्रात तांबूस पालवी असते, तेव्हा हिरव्याआधी टोकांना पातळ बर्न्ट सायना लावून ठेवा आणि तो ओला असतानाच खालून हिरवा जोडा. आंब्याचा गडद हिरवा म्हणजे अल्ट्रामरीन, थोडा लेमन आणि चिमूटभर बर्न्ट सायना. कोवळ्या पिकाला लेमनमध्ये प्रशियनचा अगदी ठिपका. प्रशियन जोरकस आहे, नेहमी पिवळ्यात निळा घाला, निळ्यात पिवळा ओतत बसू नका, अर्धी ट्यूब जाईल.

काळ्या जमिनीला काळा रंग नको. बर्न्ट सायना आणि अल्ट्रामरीन, तपकिरीकडे झुकता. दुपारी कोरडी काळी जमीन बरीच फिकी दिसते, पाऊस पडून गेल्यावरच ती खरी गडद. मातीच्या भिंतीला ऑकर आणि लाइट रेड, सावलीला त्याच मिश्रणात अल्ट्रामरीन. रत्नागिरीत जांभा दगड आला की लाइट रेड आणि बर्न्ट सायना पुरतात, सावलीत तोच अल्ट्रामरीन.

मिश्रणात दोन रंग. तिसरा फक्त भडकपणा मोडायला, तोही टोकावर येईल एवढा. पॅलेटवर पूर्ण ढवळू नका. कागदावर दोन रंग शेजारी ठेवून एकमेकांत शिरू द्या. आणि एकदा झाडाच्या आकारात रंग ठेवला की पाच मिनिटं दुसरीकडे काम करा. चिखल बऱ्याचदा रंगांच्या निवडीने होत नाही, अर्धवट वाळलेल्या थरात टोकरत राहिल्याने होतो. खालचा थर विरघळतो आणि वरच्यात कालवला जातो. ऑकर, लाइट रेड यांसारखे अपारदर्शक रंग खाली असतील तर हे आणखी लवकर होतं.

देवगडची

पावसाळ्यात रत्नागिरीला येताय म्हणून.

इथे जुलैत अडचण नेमकी उलटी असते, वॉश वाळतच नाही. केस वाळवायचा ड्रायर ठेवा, पण कागदावरची चमक गेल्यावरच वापरा. आधी सोडलात तर हवा पाणी ढकलते आणि लाटांच्या कडा उमटतात. फूटभर लांबून, सतत हलवत.

कागद अकोल्याहून आणताना हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत सिलिका जेल, आणि ती कपाटात भिंतीला न टेकवता आडवी ठेवा. दमट हवेत कागदाचं साइझिंग खराब होतं. वरून काही दिसत नाही, पण रंग लावला की ठिकठिकाणी टीपकागदाने शोषावा तसे गडद ठिपके उठतात आणि ते कधीच निघत नाहीत. चित्र सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात नुसत्या पाण्याचा ब्रश फिरवा. पाणी एकसारखं वर राहिलं तर ठीक, लगेच गडद चट्टे दिसले तर तो शीट शाई-पेनाच्या रेखाटनाला वापरा.

डोक्याला खोबरेल लावलेला हात कागदाला लावू नका. तेलाच्या बोटाचा ठसा आकाशात बरोबर उमटतो, कारण तिथे रंग धरत नाही. कागद कडेने उचलायचा.

पॅलेट ओला असताना मिटू नका, दोन दिवसांत बुरशी. पंख्याखाली उघडा ठेवून सुकवा. पॅनमध्ये रंग भरताना लवंगेच्या तेलाचा एक थेंब घातला तर बुरशी लांब राहते. मधाचं प्रमाण जास्त असलेले परदेशी रंग या हवेत चिकटच राहतात, मुंग्याही लागतात. अकोल्यात मात्र तेच रंग कडक होऊन तडकत नाहीत, म्हणजे तिथे सोयीचे.

फ्रेम केलीत तर काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे ओल्या भिंतीपासून अंतर राहतं.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. कॉटनचे दोन शीट मागवले, १२ नंबरचा ब्रशही. शंका तीन. ३०० जीएसएमचा कागद स्ट्रेच करावा लागतो का? चुकलं तर खोडता येतं का, की पांढरा लावावा? वहीत चूक दिसली की लगेच लाल पेन उचलायची सवय आहे, इथेही हात तसाच जातो. आणि बाहेर बसून रंगवायचं तर अकोल्याच्या उन्हात कसं?

वॉशवाला

अकरा-पंधराच्या आतल्या आकाराला ३०० जीएसएम स्ट्रेच करावा लागत नाही. चारही बाजूंनी मास्किंग टेप लावून बोर्डाला चिकटवा, झालं. चित्र पूर्ण वाळल्यावर थोडा वाकलाच तर मागून हलका ओलावा द्या, दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पुस्तकांचं ओझं ठेवा, सकाळी सपाट मिळेल.

२०० जीएसएम असेल तर स्ट्रेच करा. पाच-सात मिनिटं पाण्यात बुडवा, निथळवा, १२ मिमी प्लायवर पसरवा आणि पाणी लावून चिकटते ती तपकिरी कागदी गमिंग टेप चारही बाजूंना लावा. पार्सलची प्लास्टिक टेप नव्हे, आणि मास्किंग टेपही ओल्या कागदाला धरत नाही. बोर्ड आडवा ठेवून रात्रभर वाळू द्या. उभा ठेवलात तर पाणी खाली उतरतं, वरची कड आधी वाळून आकसते आणि टेप सुटते.

उन्हाळ्यासाठी आणखी एक युक्ती. कॉटनचा तुकडा दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या शीटवर पसरवा, खालची हवा तळहाताने कडेकडे काढा. तो टेपशिवाय चिकटून बसतो. वरची बाजू वाळत आली तरी खालून ओल मिळत राहते, त्यामुळे ४४ अंशांतही ढगांच्या कडा मऊ करायला वेळ मिळतो. पाण्यात ग्लिसरीनचे थेंब टाकणारेही आहेत. विदर्भात एक-दोन थेंब चालतील, कोकणात नको, रंग दिवसेंदिवस चिकट राहील.

पिवळी_माती

खोडण्याबद्दल: काही रंग उठतात, काही कागदात मुरतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना बऱ्यापैकी उठतात. प्रशियन, थॅलो (निळे-हिरवे) मुरतात, खुणा राहतात. थर पूर्ण वाळू द्या, स्वच्छ ओल्या चपट्या ब्रशने तेवढीच जागा भिजवा, मनात दहापर्यंत मोजा, टिश्यू टेकवून उचला. घासू नका, टेकवा. दोन-तीनदा केलं की पुरे, चौथ्यांदा साइझिंग जातं. चूक ओल्यात दिसली तर काहीही करू नका. लाल पेन तेवढा वेळ खिशात.

पांढरा रंग वॉशमध्ये मिसळलात की पारदर्शकपणा गेला, सगळं खडूसारखं दिसतं. शेवटी एखादी तार, दोरी, बगळ्याचा ठिपका यांना पांढरा गॉश (अपारदर्शक जलरंग) किंवा पोस्टर व्हाइट दाट लावायला हरकत नाही. बाकी पांढरं म्हणजे कोरा कागद, तो आधीच राखायचा. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप', हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं, मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. पारदर्शक जलरंगातलं. कधी गेलात तर दिव्याजवळच्या बोटांकडे बघा. तिथला उजेड पांढऱ्या रंगाने आलेला नाही; बोटांवर पातळ उबदार छटा आहेत आणि आजूबाजूचा गडदपणा त्यांना पेटवतो. मातीच्या घराच्या दारातून आलेलं ऊन रंगवतानाही हिशोब तोच: ऊन फिकं ठेवा आणि सावली धीटपणे गडद करा. नवशिक्यांच्या चित्रात ऊन दिसत नाही ते सावली भित्री असते म्हणून.

मास्किंग फ्लुइड (पांढरी जागा राखायला लावतात तो रबरी द्रव) अकोल्याच्या उन्हात वापरू नका. उष्णतेने ते कागदाला घट्ट धरतं आणि काढताना वरचा थर सोलून निघतो. खोलीत वापरायचं तर जुना ब्रश आधी साबणात बुडवून घ्या आणि त्याच दिवशी काढून टाका.

चाळिशीपार

हात आणि डोळे, दोन्हींवर.

थरथर बोटांत आणि मनगटात जास्त जाणवते, खांद्यातून हलवलेल्या हातात कमी. बोर्ड थोडा उभा करा, शक्य तेव्हा उभं राहून रंगवा, ब्रश पत्र्याच्या नळीपासून दोन-तीन इंच मागे धरा. वॉशला एवढं पुरतं. बारीक रेषेला करंगळी कोरड्या भागावर टेकवा, किंवा दोन जाड पुस्तकांवर फूटपट्टी आडवी ठेवून तिच्यावर मनगट विसावा. झाडाच्या फांद्यांना किंचित थरथर शोभते, देवळाच्या शिखराला नाही. म्हणून शिखराची कड एका दमात, श्वास सोडताना. थरथर नव्याने सुरू झाली असेल किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

जवळचा चष्मा साधारण ३५-४० सेंटिमीटरवर नेमका असतो, बोर्ड ५०-६० वर. मग आपण पुढे वाकतो, मान आखडते आणि चित्र लांबून बघणं राहून जातं. नेत्रतज्ज्ञाला बोर्डाचं अंतर मोजून सांगा, त्या अंतराचा वेगळा साधा चष्मा करून मिळतो. प्रोग्रेसिव्ह भिंगाने रंगवताना मान सारखी वर-खाली करावी लागते.

मोतीबिंदू असेल तर निळे-जांभळे मंद दिसतात आणि सगळ्याला पिवळट झाक येते. त्यामुळे आकाशात नकळत जास्त निळा पडतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली. त्याआधीच्या काही चित्रांतला लालसर-तपकिरी गडदपणा या आजाराशी जोडला जातो. शस्त्रक्रियेनंतर निळा अचानक खूप निळा वाटतो, काही आठवडे नवे निष्कर्ष काढू नका. तोवर रंग नजरेवर सोडण्यापेक्षा मिश्रणाचं प्रमाण वहीत लिहून ठेवा. गणिताच्या माणसाला हे जड जाऊ नये.

संध्याकाळी रंगवत असाल तर पिवळा बल्ब नको. ५००० ते ६५०० केल्विनचा एलईडी, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक) ९० च्या वर, डावखुरे नसाल तर डाव्या बाजूने.

आणि ब्रशला टोक आणायला तो ओठांत घ्यायची सवय असेल तर सोडा. काही रंगांत कॅडमियम, कोबाल्ट असतं.

एकच_ब्रश

उन्हाबद्दल. हिवाळ्यात सकाळी साडेआठच्या आत सुरुवात करा, दहाच्या पुढे सावल्या आखडतात. उन्हाळ्यात सूर्योदयापासून तास-दीड तास. बोर्ड सावलीतच हवा, छत्री पांढरी किंवा करडी. रंगीत छत्रीचा रंग कागदावर पडतो. थेट उन्हातला पांढरा कागद इतका चकाकतो की लावलेला प्रत्येक रंग फिका वाटतो, आपण गडद करत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. काळा चष्मा लावून रंगवणं तर नकोच.

पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा पेन्सिलीने पक्क्या करा. नंतर सावली हलली तरी ती बदलायची नाही, नाहीतर एकाच चित्रात दोन वेळा उमटतात. क्वार्टर शीटला अर्धा लिटर पाणी पुरतं, एक लिटर न्या.

विषय हवा असेल तर बाळापूरची छत्री, म्हणजे तिथली मंडपासारखी जुनी वास्तू. काळा दगड, खांब, कमानी, आकाशाची बाजू मोकळी. भूमितीवाल्याला खुराक. कमानींच्या आतली सावली एकाच सलग थरात लावा, प्रत्येक कमान सुटी सुटी रंगवू नका. तो थर ओला असताना खालच्या बाजूला थोडा लाइट रेड सोडलात की जमिनीवरून परतलेलं ऊन आत आल्यासारखं दिसतं.

खडूफळा

शेवटची शंका: बिघडलेल्या कॉटनच्या तुकड्याची मागची बाजू वापरता येते का?

वॉशवाला

येते. बहुतेक चांगल्या कागदांना दोन्ही बाजूंनी साइझिंग असतं, मागचा पोत थोडा वेगळा लागतो एवढंच. पुढच्या बाजूला मुरणारा रंग भिजून पार गेला असेल तर ती जागा सोडा. घासून साइझिंग गेलेला भाग मागूनही पाणी पितो, म्हणून देवगडच्या ताईंनी सांगितलेली पाण्याच्या ब्रशची चाचणी आधी करा. आणि टेप काढताना ती कागदाशी सपाट दुमडून, बाहेरच्या दिशेने, हळू ओढा. वर उचलून ओढलीत तर दोन्ही बाजू एकदम कामातून जातील.